एकविसाव्या पानावरची टीकी

पांडेसऱ्याला बोरसेकाकांचं वाचनालय होतं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. काकांचा मुलगा मुकेश ते चालवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच बमरोलीला घरी पोचले होते. "बेन, तमारी एक गाठडी छे, लई जाव ने," म्हणाला. मुकेश घरात अहिराणी ऐकत वाढला, पण त्याच्या तोंडून आता गुजरातीच येते. तो दुकानाचा माळा रिकामा करत होता. काकांनी जाण्याआधी त्याला बजावून ठेवलं होतं, की ज्या पुस्तकाच्या पानावर टीकी शिवलेली असेल ते रद्दीत घालायचं नाही, नवागामच्या मुलीला द्यायचं. नवागामची मुलगी म्हणजे मी. पंचेचाळिशी गाठली, पण त्या दुकानात मी अजून मुलगीच आहे.

गाठोडं एका विटक्या साडीत बांधलेलं होतं. गाठ सोडली आणि आधी वास आला. जुना कागद, गव्हाची खळ, थोडं रॉकेल, आणि या सगळ्यांच्या तळाशी लूमचं तेल. ज्यांच्या ज्यांच्या हातात ती पुस्तकं गेली होती त्या सगळ्यांच्या बोटांना तेच तेल होतं. मी वरचंच एक पुस्तक उघडलं. दुकानातल्या पांढऱ्या दिव्याखाली पानाच्या खालच्या कोपऱ्यात मसुरीच्या डाळीएवढं काहीतरी चमकलं. मी पुस्तक पटकन मिटलं. "शुं थयुं?" मुकेशनं विचारलं. काही नाही म्हटलं आणि गाठोडं उचलून रिक्षात बसले.

माझी थोरली बहीण, ताई, तिची ती खूण होती. ताई जाऊन तीस वर्षं होऊन गेली. 'जाऊन' म्हणते, कारण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. ती मेलेली कुणी पाहिली नाही आणि जिवंत आहे असं कुणी येऊन सांगितलं नाही.

आम्ही तेव्हा नवागामला एका खोलीत राहायचो. आबा लूमवर कामाला. माय आणि ताई घरी बसून साड्यांवर टीकी शिवायच्या. टीकी म्हणजे ती चकचकीत बारीक चकती. सुई तिच्या भोकातून वर काढायची, खाली न्यायची, मागून गाठ मारायची, पुढची उचलायची. टीक्या चुलीपाशी सापडत, डोक्यात सापडत, एकदा तर वरणात सापडली. आबा चिडले की म्हणायचे, या घरातली माणसं मेल्यावर राखेतसुद्धा टीक्याच निघतील. त्यांच्या बोलण्यावर आम्ही तेव्हा खदाखदा हसायचो.

दुपारी या दोघींचे हात चालायचे आणि माझं तोंड. वाचून दाखवायचं काम माझं. "वाच ना वं, मना हात गुतेल शेतस," ताई म्हणायची आणि मी कालच्या पानापासून सुरुवात करायची. भिंतीपलीकडे लूमचं खातं होतं, म्हणजे यंत्रमागांची शेड. त्या खटाखटीत आपलाच आवाज आपल्याला ऐकू येत नसे, म्हणून मी सगळी रहस्यकथा ओरडून वाचायची. 'तो दबक्या पावलांनी तिच्या मागे आला आणि तिच्या कानाशी कुजबुजला' हे वाक्य मी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत असे. माय निरक्षर, पण संशय घेण्यात एकदम पटाईत. तिला पहिल्यापासून डॉक्टरचाच संशय यायचा. गोष्टीत डॉक्टर नसला तर ती विचारायची, "डाक्टर कवय येई?"

वाचनालय म्हणजे एक दहा बाय दहाची खोली आणि चार फळ्या. बोरसेकाकांनी आयुष्याची वीस वर्षं लूमवर काढली होती, त्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि पुस्तकं ते लूमच्याच सुतानं बांधायचे. एकही पुस्तक वरच्या कव्हरासकट शिल्लक नव्हतं. सगळ्यांना एकसारखा तपकिरी पुठ्ठा. नावं असली तरी उपयोग नव्हता, कारण प्रत्येक नावात छाया, पाऊल, किंकाळी आणि खून यांपैकी एक तरी शब्द असायचाच. मग आपण हे आधी वाचलंय की नाही, ते कळायचं कसं? यावर तिथल्या वाचकांनी आपली एक युक्ती काढली होती. प्रत्येकाचं एक पान ठरलेलं आणि त्या पानावर त्याची खूण. पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं पान उघडायचं. खूण दिसली की परत फळीवर. लूमसाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या एका कांडीवाल्याची खूण अकराव्या पानावर विडीनं पाडलेला ठिपका ही होती. एका वहिनींची कुंकवाची बोटं. काका रागवायचे, पण त्यांचा राग कुणी मनावर घेत नसे. माझी खूण नव्हतीच. मला वाचलेलं पुस्तक पहिल्या ओळीत ओळखू येतं, अशी मी ऐट मिरवायची. फक्त जिथे थांबले तिथे पानाचा कोपरा दुमडायची खोड होती, आणि तोही साधा नाही, दोनदा आत वळवून, पानाच्या विड्याला घालतात तशी घडी.

ताईचं पान एकविसावं. ती म्हणायची, एकविसाव्या पानापर्यंत प्रेत सापडलं नाही तर ते पुस्तक वाचण्यात अर्थ नाही. पुस्तक वाचून संपलं, की सुईत राणी रंगाचा दोरा घालून ती त्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक टीकी शिवायची. मागून मायनं शिकवलेली गाठ. घरात "एकविसावं पान काय म्हणतं?" हा आमचा रोजचा प्रश्न झाला होता. मायसुद्धा तो विचारायची.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खात्यांच्या पाळ्या बारा-बारा तासांच्या. पुस्तक परत द्यायला आलेल्या माणसाला काका भेटतीलच असं नसे. म्हणून शटरबाहेर त्यांनी तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा भिंतीला ठोकून ठेवला होता. येता-जाता पुस्तक त्यात टाकायचं. ते टाकलं की आत 'ढब्' असा आवाज व्हायचा. तो आवाज मला अजून कुठेही ओळखता येईल.

मग ते दिवस आले. गणपती उठून दोनच दिवस झाले होते. शहरात प्लेग आलाय, असं सकाळी कुणीतरी नळावर बोललं आणि दुपारपर्यंत गल्ली अर्धी झाली. फिनेलचा वास, जळत्या कचऱ्याचा वास, पांढरी पावडर दारोदार मारलेली. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. काल ज्यांच्याकडून साखर आणली त्या माणसांना आज फक्त डोळ्यांवरून ओळखायचं. आणि भिंतीपलीकडचं खातं बंद पडलं. जन्मात पहिल्यांदा मला आमच्या खोलीतल्या भांड्यांचा आवाज ऐकू आला.

आबा ट्रंक बांधत होते. गावाकडे, पारोळ्याला जायचं ठरलं होतं. मी त्या ट्रंकेवर बसून वाचत होते. मी आणलेलं पुस्तक होतं, ताईनं अजून वाचलेलं नव्हतं. शेवटची दहा पानं राहिली होती. खुनी कोण ते सांगायला सगळ्यांना एका खोलीत जमवलं होतं, आणि मी काही केल्या उठेना. ताई दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा तिनं पुस्तक ओढून घेतलं. दुसऱ्याचं पुस्तक घेऊन गाव सोडायचं नाही, हा तिचा कायदा. मी रडायला लागले तेव्हा तिनं मला निदान कोपरा दुमडू दिला. "मी देई येस. तुम्ही व्हा पुढे, उधन्याले भेटस," म्हणाली आणि रुमाल नाकावर ओढून निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिनं वळून पाहिलं. ती हसत होती की चिडली होती, मला सांगता येणार नाही. रुमालाच्या वर फक्त डोळे दिसत होते.

उधना स्टेशनवर ताई आली नाही.

त्या गर्दीचं मी काही लिहिणार नाही. मायला आणि मला आबांनी गाडीत कोंबलं आणि स्वतः मागे राहिले. आठ दिवस ते शोधत होते. काका त्याआधीच गावी गेलेले, शटर बंद, पत्र्याचा डबा रिकामा. म्हणजे ताई तिथपर्यंत पोचली नव्हती, किंवा पोचली होती आणि पुस्तक न टाकताच कुठे गेली. दवाखाने झाले, चौकी झाली, स्टेशनं झाली. आबा पारोळ्याला आले तेव्हा त्यांना आवाज राहिलेला नव्हता.

दिवाळीनंतर आम्ही परत आलो. खाती हळूहळू सुरू होत होती, तीही अर्धीमुर्धी. ओळीतले चार लूम चालायचे आणि मधला एक गप्प, त्यामुळे त्या खटाखटीत एक भोक पडलेलं ऐकू यायचं. कितीतरी दारांना कुलपं तशीच होती. आमच्या खोलीत ताईची अर्धी शिवलेली साडी खुंटीवर होती. सुई त्यातच टोचलेली.

मला वाटायचं, मी दहा पानं आधी वाचायला बसले असते तर. किंवा उशिरा. किंवा रडले नसते तर ताईनं ते पुस्तक ट्रंकेत टाकलं असतं. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. कुणालाच काही बोलणं मी बंद केलं होतं. जेवणही नकोसं झालं. दुपारी उठायचं आणि काकांच्या दुकानात जायचं, एवढंच करायची. फळीवरचं एकेक पुस्तक काढायचं, एकविसावं पान उघडायचं, टीकी असली की बोट फिरवायचं, परत ठेवायचं. ते दुमडलेल्या कोपऱ्याचं पुस्तकही शोधायची. चारही फळ्या मी पुस्तकन् पुस्तक उघडून पाहिल्या. ते नव्हतं. काका मला चहा देत आणि बांधणीच्या कामाला लागत.

मग एक दिवस ते म्हणाले, "पोरी, नवा गठ्ठा आलाय. घेऊन जा, वाच." जळगावच्या कुणा रद्दीवाल्याकडून आलेल्या पंचवीस-तीस रहस्यकथा होत्या. ताई गेल्यानंतर आलेल्या. नुकताच पुठ्ठा घातलेला, खळ अजून ओली. मी सवयीनं एकविसावं पान उघडलं. कोरं. मग उगाच पानं फडफडवली आणि मध्येच काहीतरी चमकून गेलं.

एकेचाळिसाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, टीकी होती. राणी रंगाचा दोरा. पान उलटून मागची गाठ पाहिली. आमच्या घरातलीच गाठ.

 भर दुपार होती, बाहेर हातगाडीवाला केळी ओरडत होता, आणि मला वाटलं कुणीतरी माझ्या मानेमागे उभं राहून तेच पान वाचतंय. काकांकडे पाहिलं तर ते पाठमोरे, सूत ओढत बसलेले.

त्या एका महिन्यात मी जेवढं वाचलं तेवढं पुढे कधी वाचलं नाही. रोज एक पुस्तक, कधी दोन. सगळ्यांत टीकी नसायची. तीन कोरी गेली की चौथ्यात सापडायची. एकेचाळीस. मग पुन्हा एकेचाळीस. मग त्रेचाळीस. मग एकेचाळीस. ताई जिवंत आहे, इथेच कुठेतरी आहे, नवी पुस्तकं माझ्याआधी तिच्या हातात जातायत, आणि ती मला काहीतरी सांगतेय, याबद्दल मला शंका उरली नाही. नाहीतर तिनं आपलं पान बदललं असतं कशाला? मी त्या पानांवरचे शब्द वहीत उतरवून काढले. पहिली अक्षरं जुळवून पाहिली, शेवटची जुळवून पाहिली. एका पानावर विहीर होती, दुसऱ्यावर बंद खिडकी, तिसऱ्यावर बुरखा घातलेली बाई दार ठोठावत होती. रहस्यकथांच्या कुठल्याही पानावर याहून वेगळं काय असणार, हे मला आता कळतं. तेव्हा मला प्रत्येक बाई ताईच वाटायची. आणि हो, मी जेवायला लागले होते. वाचता वाचता माय ताटात काय वाढते तिकडे लक्ष नसायचं, आणि ताट रिकामं व्हायचं. मोठ्यानं वाचून मात्र दाखवत नव्हते. माय समोर बसून टीक्या शिवायची आणि मधेच मान वर करून माझ्याकडे पाहायची.

शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या मागच्या सोसायटीत प्लॉटना नंबर होते. मी एका दुपारी एकेचाळीस नंबर शोधत गेले.

ती गल्ली पूर्ण बंद होती. दारातली तुळस वाळून काटक्या झालेली, दोरीवर कुणाचा तरी एक मोजा. एकेचाळीसला कुलूप होतं. खिडकीला जाळी होती, तिला नाक लावून आत पाहिलं. आधी अंधारच दिसला. मग दिसलं की आत भिंतीशी एक बाई उभी आहे, मान खाली घातलेली, पाठमोरी. मी "ताई" म्हटलं. मोठ्यानं नाही, पण म्हटलं. तेवढ्यात कुठूनशी झुळूक आली, आणि ती बाई डोक्यापासून पायापर्यंत एकदम चमकली. शेकडो ठिकाणी.

खुंटीला टांगलेली साडी होती. कुणीतरी टीक्या शिवता शिवता टाकून गेलेलं. आमच्यासारखंच कुणीतरी. हे मला पळत घरी पोचल्यावर सुचलं. त्या क्षणी मला फक्त एवढंच कळलं होतं, की ताईनं माझी हाक ऐकली आणि ती वळली नाही.

मला ताप भरला. तापात काय बोलले ते मला आठवत नाही, मायला आठवत असावं. बरी होऊन पुन्हा दुकानात गेले तेव्हापासून एकाही नव्या पुस्तकात टीकी निघाली नाही. त्याच फाल्गुनात आबांनी नवागामची खोली सोडली आणि आम्ही बमरोलीला आलो. काकांच्या दुकानाची वाट सुटली. मी पुढे शिकले, शाळेत लागले. रहस्यकथा सोडल्या. ज्या लेखकाला शेवट सांगता येत नाही त्याला मी कधी माफ केलेलं नाही, आणि माझ्याच घरात, देव्हाऱ्यात, तसा एक लेखक बसला होता, त्याचं नाव काय घ्यायचं. आबा गेले तेव्हा शेवटचे चार दिवस दाराकडे तोंड करून होते.

त्या महिन्यातल्या टीक्यांचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. मायलाही नाही. तिला आशा लावायची आणि मग आपणच ती मोडायची, हे मला जमणारं नव्हतं. पण गाठोडं घरी आणलं त्या संध्याकाळी राहवेना. माय आता पंच्याहत्तरीत आहे, डोळ्यांना कमी दिसतं, बोटांना नाही. तिच्यासमोर मी पुस्तकं पसरली आणि म्हटलं, "माय, तुले एक सांगनं शे. ताई गयी ना, त्यानामांगे बी तिन्या टीक्या..."

मायनं एक पुस्तक उचललं. बोट ओठाला लावून तिनं पुठ्ठा उलटला आणि मोजायला लागली. "एक." पान उलटलं. "दोन." पान उलटलं. साड्यांच्या घड्या मोजायची तशी, एका पानाला एक. पाठ-पोट मिळून एक. छापलेल्या आकड्याशी तिला देणंघेणं नव्हतं, तो तिला वाचताच येत नाही. "एकोणीस, वीस, एकवीस," म्हणत ती थांबली आणि तिचं बोट बरोबर टीकीवर होतं. मी वरचा आकडा पाहिला. एकेचाळीस.

दुसरं उचललं. त्याचं पहिलं पान फाटलेलं होतं. एकवीस मोजून झाली तेव्हा आकडा त्रेचाळीस होता.

मी तिच्याकडे बघतच राहिले. मनात एकच आलं, एवढ्या रहस्यकथा वाचून मला हे दिसलं नाही. गाठ पाहिली होती मी. ती गाठ कुणी शिकवली, हे विसरले होते.

"मीच टाक्यात," माय म्हणाली. "तू खाये ना, बोले ना. बोरसेभाऊ सांगे, पोर येस नि एकविसावं पान उघाडस नि रडस. मंग मी त्याले म्हनं, नवा गठ्ठा पहिले माले दे. तुले ताप उना, मंग मी घाबरनू. बंद करं."

"माले फसवं तू," मी म्हटलं. मला राग आला होता, आणि मी रडत होते.

मायनं टीकीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "तुनाकरता बी आनि तिनाकरता बी. ती उनी आसती, पुस्तक उघाडं आसतं, तिले समजतं ना, आपन नई वाचं ते पुस्तक, मंग ही टीकी कोनी टाकी. तिले समजतं, घर शे आजून."

 मी उगाच पुस्तकं लावायला घेतली. एकविसाव्या पानाची एका बाजूला, ती ताईची, जुनी. एकेचाळीस-त्रेचाळीसची दुसऱ्या बाजूला, ती मायची. हात काहीतरी करत राहायला हवे होते.

शेवटून दुसरं पुस्तक उघडताना ते आपोआप मागच्या बाजूला उघडलं. तिथे एक कोपरा दुमडलेला होता. दोनदा आत वळवून, विड्याच्या घडीसारखा. पुढे दहा पानं राहिलेली.

मी सावकाश पानं मागे नेली. एकविसावं पान. छापलेल्या आकड्यानं एकविसावं. खालच्या कोपऱ्यात टीकी. दोरा राणी रंगाचा नव्हता, साधा पांढरा होता, कुठेही मिळतो तसा. मागे आमचीच गाठ.

ते पुस्तक ताईच्या आधी माझ्या हातात होतं. एकविसावं पान कोरं होतं. त्या दुपारी ती ते घेऊन गल्लीच्या तोंडाशी वळली, आणि त्यानंतर ना ते डब्यात सापडलं, ना फळीवर. मी अख्खा महिना चारही फळ्या पिंजून काढल्या होत्या. मायच्या हातात मी ते दिलं. तिनं अकरा पानं मोजली, बोट थांबलं. "ही मनी नई," ती म्हणाली. मग तिनं गाठ चाचपली, एकदा, दोनदा, नखानं. "ही तिनी शे."

घरात पंखा फिरत होता. समोरच्या खात्यात पाळी बदलत होती, त्यामुळे थोडा वेळ सगळे लूम एकदम थांबले. त्या शांततेत मला पत्र्याच्या डब्यात पुस्तक पडल्याचा 'ढब्' असा आवाज ऐकू आला. मी मायकडे पाहिलं. तीही दाराकडे बघत होती.

"ती उनी व्हती," माय म्हणाली. "मंग घर काब्र नई उनी?"

आम्ही खोली सोडली होती, हे तिला मी सांगितलं नाही. तिला ते माझ्याआधी सुचलं असणार. केव्हा आली असेल ती? आम्ही गेल्यावर महिन्यानं, की दहा वर्षांनी? काकांना ते डब्यात सापडलं तेव्हा त्यांनी टीकी पाहिली आणि इतर टीक्यांत ठेवून दिलं. त्यांना ती मायचीच वाटली असणार. नवागामच्या दाराशी ताई उभी राहिली असेल, आणि आतून कुणी परक्या बाईनं विचारलं असेल, कोण पाहिजे?

मी ती शेवटची दहा पानं वाचली. त्याच रात्री जेवणं झाल्यावर, मायला ऐकू जाईल अशी, मोठ्यानं. शेवट अगदीच सुमार होता. खुनी डॉक्टर निघाला. माय हसली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिचा संशय खरा ठरला होता, आणि ती नुसतीच पदर डोळ्यांना लावून बसली.

सकाळी उठून बघते तर तिनं सगळी पुस्तकं पुन्हा त्या विटक्या साडीत बांधून ठेवली होती. "तठेच ठेवी ये," म्हणाली. "तू घर लई उनी. आते तिले कशी सापडतीन?"

मी मुकेशकडे गेले. त्याला सगळं सांगितलं. त्यानं चार्जरची एक फळी रिकामी केली आणि म्हणाला, "आंय राखो, बेन. कोई नई अडे." इथे ठेवा, कुणी हात लावणार नाही. बाहेर शटरशेजारी त्यानं एक डबा ठोकलाय. पत्र्याचा मिळाला नाही, प्लास्टिकचा आहे.

फळीवर लावण्याआधी दुकानातच स्टुलावर बसून मी प्रत्येक पुस्तकात टीकीशेजारी लिहून ठेवलं. एकविसाव्या पानावर, आणि जिथे मायची टीकी आहे तिथे एकेचाळिसाव्या किंवा त्रेचाळिसाव्या पानावरही. सगळीकडे तेच लिहिलंय. ताई, नवागामची खोली आम्ही तेव्हाच सोडली. आता बमरोलीला राहतो. मुकेशला विचार, तो घरापर्यंत आणून सोडेल. आबा गेले. माय आहे, दुपारी दार उघडंच असतं. मी ती दहा पानं वाचली. शेवट मलाही आवडला नाही. घरी ये.